दिव्याची साक्ष

माणसावर विश्वास बसायला मला दहा वर्षं लागतात. यंत्रावरच्या दिव्यावर मात्र तो डोळे मिटून बसतो. लिफ्टच्या बटणाचा दिवा लागला की लिफ्ट माझ्याकडे निघाली, असं मी धरून चालतो. मग ती आठव्या मजल्यावर कुणाचं कपाट पोटात घेऊन अर्धा तास उभी का असेना. इस्त्रीचा तांबडा दिवा लागला की इस्त्री तापली, आणि विझला की निवली. या श्रद्धेपायी माझे दोन टेरिकॉटचे शर्ट गेले. तरी श्रद्धा गेली नाही. ती गेली सेमाडोहला.

सेमाडोह म्हणजे मेळघाटातलं गाव. परतवाडा सोडून घाट चढायला लागलं की वऱ्हाडची सपाटी संपते आणि एकामागून एक घाट येऊन मिळतात. मेळघाट हे नाव त्यावरूनच पडलं. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाटाचा नंबर होता. वाघ असतात, पण ते आमच्यासारख्यांना दिसत नाहीत. आम्हांला दिसते ती सिपना नदी, साग, आणि डिसेंबरातल्या पहाटेचं धुकं. मे महिन्यात अकोला-अमरावतीला पंचेचाळीस अंशांत भाजून निघालेला वऱ्हाडी माणूस डिसेंबरात इथं येतो आणि पहिल्याच पहाटे विचारतो, “आंघोळीला गरम पाणी आहे ना?”

मीही तेच विचारलं. बरोबर सौभाग्यवती होती आणि तिचा धाकटा भाऊ होता. हा माझा मेहुणा इंजिनिअर आहे. कसला, ते मला लग्नाला तीस वर्षं झाली तरी नीट कळलेलं नाही. पण प्रवासाला निघताना तो दाढीचं सामान विसरतो आणि पिवळ्या रंगाचा डिजिटल मीटर विसरत नाही. मुक्कामाच्या जागेचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या खेपेला खोली मिळायची नाही.

तिथं जुन्या बंबाच्या जागी ३०० लिटरची टाकी होती, टाकीच्या पोटात ३ किलोवॅटचा हीटर होता आणि भिंतीवर राखाडी रंगाचं एक पॅनेल होतं. पॅनेलच्या दारावर आकडे दाखवणारी खिडकी, दोन दिवे आणि एक बटण. पाणी ६० अंशांवर गेलं की हीटर आपोआप बंद, निवलं की आपोआप चालू. रात्री ९ वाजता तिथला माणूस बटण बंद करी. या माणसाला आम्ही दादा म्हणत होतो. पन्नाशीचा, बेताचं बोलणारा, आणि चहा मात्र न विचारता आणणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता मेहुण्यानं न्हाणीघरातला नळ उघडला आणि अशी किंकाळी फोडली की मला वाटलं, अखेर वाघ दिसला. नळातून उकळतं पाणी आलं होतं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं लालबुंद झाली. बाहेर टाकीच्या वरच्या नळीतून वाफेचा लोट निघत होता. त्यात बोअरचा पंप आदल्या संध्याकाळपासून बिघडलेला. म्हणजे टाकीत नवं पाणी येत नव्हतं आणि जुनं वाफ होऊन चाललं होतं. थोडा वेळ आणखी गेला असता तर हीटर उघडा पडून काय झालं असतं, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. आणि त्या नळापाशी मेहुण्याच्या जागी माझी चार वर्षांची नात असती तर, हा विचार मी अजूनही पुरा करू शकलेलो नाही.

मॅनेजर आले. पॅनेलकडे पाहिलं. खिडकी काळी, दोन्ही दिवे विझलेले, बटण बंद. त्यांनी दादाकडे पाहिलं आणि खटला सुरू होण्याआधीच निकाल लागला.

“पॅनेल तर बंद आहे. म्हणजे रात्री चालू ठेवलंस, आणि आत्ता वाफ पाहून धावत येऊन बंद केलंस. होय ना?”

“नाई जी. म्या रात्रीच बंद केलंतं. नऊ वाजता.”

“मग पाणी काय भुतानं उकळलं?”

“थे मले काय मालूम? पण म्या बंद केलंतं. अजून खदखदून रायलं पाहा, हात लावून.”

हात लावायला कुणी तयार नव्हतं. मेहुण्याची दोन बोटं आधीच साक्षीला होती. त्यानं चार इंग्रजी शब्द वापरून सांगितलं की टाकी जाड आवरणाची असल्यामुळे पाणी लवकर निवत नाही. मॅनेजर म्हणाले, नुकसान पगारातून कापून घेऊ. आणि मी? मी, न्यायाच्या गप्पा मारणारा, वर्तमानपत्राला पत्रं लिहिणारा मी, मान डोलावली. एका बाजूला जिवंत माणूस शपथेवर सांगत होता, दुसऱ्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढा दिवा होता, तोही विझलेला. मी दिव्याच्या बाजूनं कौल दिला.

खटला उलटला तो सौभाग्यवतीमुळे. ती चहाचा कप घेऊन व्हरांड्यात उभी होती. तिथं विजेचा मीटर होता. ती म्हणाली, “घरात एक दिवा चालू नाही, पंखा नाही, पंप बिघडलेला. मग हा मीटरचा दिवा एवढा टकटक का करतोय?”

वाचकहो, या दिव्याची आणि पॅनेलवरच्या दिव्याची गल्लत करू नका. विजेच्या मीटरचा दिवा खर्ची पडलेल्या विजेच्या हिशेबानं लुकलुकतो. वीज जास्त गेली की तो भराभर, कमी गेली की सावकाश. तो झालेल्या कामाचा दाखला आहे. पॅनेलवरचा दिवा मात्र फक्त दिलेल्या हुकमाचा दाखला असतो. आपल्याकडे रस्त्याचं भूमिपूजन झालं की रस्ता झाला असं समजणारे लोक आहेत, त्यांनी पॅनेलचा दिवा पाहावा. खड्डे मोजत जाणाऱ्यांनी मीटरचा.

मेहुण्यानं आधी मेन बंद केला, तेव्हा कुठं मीटरचा दिवा शांत झाला. मग पॅनेल उघडलं. आत एक काळा चौकोनी ठोकळा होता, आगपेटीहून थोडा मोठा, त्यावर मोठ्या अक्षरांत २५ अँपिअर असं लिहिलेलं. त्याचं नाव सॉलिड स्टेट रिले.

रिले हा शब्द मुळात घोड्यांचा. जुन्या काळी टपाल नेणारे टप्प्याटप्प्यावर दमलेला घोडा सोडून ताज्या दमाचा घेत. तारायंत्रात दूरवरून आलेला विजेचा क्षीण संदेश पुढे ढकलण्यासाठी तशीच ताज्या दमाची वीज जोडीत, म्हणून त्या उपकरणाला ते नाव मिळालं. आतला लोहचुंबक ‘खट्ट’ करून पट्टी ओढी आणि मोठी वीज सुरू होई. मोठ्या हीटरला लागतो तो कॉन्टॅक्टर याच रिलेचा थोरला भाऊ. त्याचं ते ‘खट्ट’ सगळ्या घराला ऐकू येई. चालू झाला तरी खट्ट, बंद झाला तरी खट्ट. आवाज आला नाही की आजीसुद्धा म्हणे, “काहीतरी बिनसलंय बरं का.”

नव्या रिलेत हलणारं काही नाही. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं १९५७ साली थायरिस्टर नावाचा विजेचा नवा दरवाजा तयार केला. त्या घराण्यातला हा. ठोकळ्याच्या आत एक इवलासा दिवा असतो आणि त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा एक डोळा. नियंत्रकाकडून बारा-एक व्होल्ट आले की दिवा लागतो, डोळा पाहतो आणि पलीकडे २३० व्होल्टांचा दरवाजा उघडतो. हुकूम देणारी बाजू आणि काम करणारी बाजू यांचा एकमेकींना स्पर्शसुद्धा होत नाही. वरून आणखी एक दिवा दिसतो, तो हुकमाच्या बाजूचा. पलीकडे दरवाजा उघडला, मिटला की मोडून पडला, हे त्या दिव्याला कळण्याची सोयच नाही. अशी कचेरी मी नोकरीत तीस वर्षं पाहिली, पण ती कुणी एका ठोकळ्यात बसवून विकत असेल असं वाटलं नव्हतं.

आणि याची मरण्याची तऱ्हा पाहा. घरातली बहुतेक उपकरणं मेली की गप्प होतात. पंखा थांबतो, बल्ब विझतो, रेडिओ मुका होतो. सॉलिड स्टेट रिले मरतो तो बहुतेक वेळा दरवाजा उघडा टाकून. हुकूम असो नसो, वीज वाहतच राहते. दारावरचं बटण बंद केलं तर नियंत्रक झोपतो, दिवे झोपतात, सगळं पॅनेल झोपलेलं दिसतं. आणि आत हीटर जागा असतो. दादानं रात्री ९ वाजता बटण बंद केलं होतं आणि पाणी रात्रभर तापत होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आमच्यापैकी एकाही शिकलेल्या माणसाला सुचलं नव्हतं.

आता मेहुण्याला चेव चढला. त्यानं हीटरच्या तारा सोडवल्या, नियंत्रकाची तार काढली, मेन पुन्हा चालू केला आणि रिलेच्या बाहेर पडणाऱ्या टोकाला पिवळा मीटर लावला. आकडा दोनशेच्या वर. “हुकूम नसताना व्होल्टेज! रिले गेलाय, भाऊजी.” पॅनेलच्या तळाशी नवा कोरा रिले पिशवीत पडलेला होता. मेन बंद करून तो बसवला, पुन्हा मीटर लावला. पुन्हा दोनशेच्या वर! तोही हुकूम नसताना. मेहुण्याचा चेहरा पडला. “नवासुद्धा खराब. म्हणजे दोष मुळातच आहे. सगळं पॅनेल बदलायला हवं.”

मॅनेजर रेंज शोधत टेकाडावर गेले आणि पॅनेलवाल्याशी बोलून आले. त्यानं तिकडूनच, न पाहता, तेच निदान केलं होतं. नवं पॅनेल २८,००० रुपये. दादाच्या चेहऱ्यावर पगाराचा हिशेब दिसू लागला.

दुपारी बोअरच्या पंपासाठी बोलावलेला वायरमन परतवाड्याहून मोटारसायकलवर आला. त्याच्या पिशवीत पक्कड, टेस्टर, चिकटपट्टीचं वेटोळं आणि जुन्या मोज्यात गुंडाळलेला काचेचा बल्ब होता, तारेचा, शंभराचा, होल्डरसकट. आमचं दुःख ऐकून तो म्हणाला, “मीटरनं नाई समजत जी थे. त्याच्यावर वजन टाकून पाहा लागते.”

मेहुणा हसला. मीही हसलो. आता लिहिताना ते हसू नको तिथं टोचतं आहे.

वायरमननं मेन बंद केला, नव्या रिलेच्या टोकाला हीटरच्या जागी तो बल्ब जोडला आणि मेन चालू केला. हुकमाची तार काढलेली. बल्ब काळा. तार जोडली, बल्ब लख्ख. तार काढली, पुन्हा काळा. मग तेच जुन्या रिलेवर. हुकमाची तार त्याच्या हातात लोंबत होती आणि बल्ब ठणठणीत पेटला होता.

“हा नवा बरोबर हाय. जुना मेला. चालूच्या चालू मेला.”

मग पिवळा मीटर का फसला? मेहुण्यानं ते मागाहून, बोटांना मलम लावत, प्रामाणिकपणे समजावून सांगितलं. चांगल्यातला चांगला सॉलिड स्टेट रिले बंद असतानाही थोडा पाझरतो. विजेच्या झटक्यांपासून बचाव व्हावा म्हणून त्याच्या पोटात जी जोडणी असते, तिच्यातून काही सहस्रांश अँपिअर निसटतात. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, म्हणून त्या पाझरावरही तो जवळपास पुरा आकडा दाखवतो. गळका नळ आणि सुटलेला नळ, दोन्हींखाली कोरडी बोटं धरली तर दोन्हींनी ओलीच होणार. बादली ठेवावी, मग फरक कळतो. शंभराचा बल्ब म्हणजे बादली. त्याला अर्ध्या अँपिअरच्या जवळपास वीज लागते. पाझरावर तो पेटणं शक्य नाही. इथं हल्लीचा एलईडी बल्ब लावाल तर तो त्या पाझरावरही लुकलुकून तुम्हांला पुन्हा बनवील. म्हणून तो वायरमन जुना बल्ब मोज्यात जपतो, आणि आम्ही त्याला मागासलेला समजतो.

रिले मेला कशानं, तेही त्यानंच दाखवलं. ३ किलोवॅटचा हीटर तेरा अँपिअर ओढतो. तेवढी वीज जाताना रिलेत पंधरा ते वीस वॅटची उष्णता तयार होते, म्हणजे जवळजवळ सोल्डरिंगची कांडी. ती बाहेर टाकायला रिलेच्या पाठीला पन्हळ्यांची ॲल्युमिनियमची जाड पाटी लागते आणि दोघांमध्ये पांढऱ्या मलमाचा पातळ थर लागतो. इथं रिले थेट पॅनेलच्या पत्र्यावर ठोकलेला होता, मलमाचा पत्ता नव्हता, आणि पाल शिरते म्हणून हवेच्या झरोक्यांत कुणीतरी चिंध्या कोंबल्या होत्या. छातीवर २५ अँपिअर लिहिलेलं असलं, तरी पाठीमागे पाटी नसेल तर असा रिले चार-पाच अँपिअरांच्या वर फार काळ टिकत नाही. लग्नाच्या पत्रिकेवरच्या पदव्या आणि प्रत्यक्ष जावई यांत कधीकधी एवढंच अंतर पडतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं नव्याविरुद्ध रडगाणं आहे. याला आजोबांचा बंब परत हवाय. नाही हो. बंबासाठी मी लहानपणी पुरेसे डोळे चोळले आहेत. बंबाचा धूर खोटं बोलत नसे, एवढंच त्याचं मोठेपण. सॉलिड स्टेट रिले गुणी आहे. ठिणगी नाही, आवाज नाही, दर दोन सेकंदांना चालू-बंद केला तरी कुरकुर नाही. पाणी किंवा भट्टी नेमक्या अंशावर ठेवायची तर त्याच्यासारखा नोकर नाही. आणि जुना कॉन्टॅक्टरही काही साधुपुरुष नव्हे; त्याचेही संपर्क जळून चिकटतात आणि तोही मग सुटत नाही. माझं भांडण रिलेशी नाहीच. त्याच्या एकट्याच्या भरवशावर उकळतं पाणी ठेवणाऱ्यांशी आहे.

जिथं उष्णता आहे तिथं दुसरं कुलूप हवं. नियंत्रकाला न विचारता, रिलेला न विचारता, पाणी ठरल्यापेक्षा जास्त तापलं की स्वतःच्या अधिकारात वीज तोडणारा साधा थर्मोस्टॅट, आणि त्याच्या हुकमात एक खट्ट करणारा कॉन्टॅक्टर. दारावरचं बटणही त्याच कॉन्टॅक्टरला बांधावं, म्हणजे बंद म्हणजे खरंच बंद. घरच्या गीझरमध्येसुद्धा नेहमीच्या थर्मोस्टॅटशिवाय जास्त तापल्यावर तोडणारं दुसरं कळसूत्र असतं. हजारो रुपयांच्या पॅनेलमध्ये ते का नव्हतं? कारण गिऱ्हाईक दिवे मोजतं आणि दुकानदार दिवे विकतो. दारावर आणखी एक निळा दिवा लावला असता तर मॅनेजरांनी आनंदानं आणखी हजार रुपये दिले असते. दुसऱ्या कुलपासाठी मागितले असते तर विचारलं असतं, “याची काय गरज?”

आणि माझं खरं भांडण माझ्याशी आहे, आणि तुमच्याशीही, रागावू नका. यंत्र आणि माणूस यांच्यात वाद पडला की आपण तपासाआधीच यंत्राच्या बाजूला जाऊन उभे राहतो. बँकेच्या खिडकीवरचा कारकून म्हणतो, “कॉम्प्युटरमध्ये तसं नाही,” की समोरची म्हातारी खोटी ठरते. पॅनेल बंद दिसलं की रात्री बटण बंद करणारा माणूस खोटा ठरतो. त्यातही तो माणूस पगारदार, अर्धशिक्षित आणि जंगलातला असला की तपासाचीही गरज वाटत नाही. हाच दावा मेहुण्यानं केला असता, की मी बटण बंद केलं होतं, तर मी पॅनेल उघडायला सांगितलं असतं. दादानं केला, तेव्हा मी मान डोलावली. हा रिलेचा दोष नाही आणि तो काही शे रुपयांत बदलून मिळत नाही.

संध्याकाळपर्यंत नवा रिले बसला. झरोक्यांतल्या चिंध्या निघाल्या आणि पालीसाठी जाळी आली. जाड पाटी, मलम आणि दुसऱ्या कुलपाचं सामान पुढच्या आठवड्यात परतवाड्याहून येईल, तोवर पाणी तापेल तेव्हा माणूस टाकीपाशी बसेल आणि रात्री मेनच बंद होईल, असं ठरलं. ठरवलं अर्थात वायरमननं. मॅनेजरांनी दादाच्या पगाराचा विषय पुन्हा काढला नाही; चुकलो असंही म्हणाले नाहीत. मेहुण्यानं परतीच्या वाटेवर परतवाड्यात चार दुकानं हिंडून तारेचा शंभराचा बल्ब मिळवला. मोजा माझा घेतला.

मी मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे, दादा आंघोळीची बादली घेऊन आला तेव्हा, धीर करून म्हणालो, “दादा, काल मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. चुकलं माझं.”

त्यानं बादली खाली ठेवली. पॅनेलवरचा दिवा दारातून दिसत होता, हिरवागार, मोठ्या दिमाखात. त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

“होते जी असं,” तो म्हणाला. “पण आंग धुण्याच्या आंधी पान्याले हात लावून पाहून घ्या. माह्यावरबी भरोसा नोका ठेवू.”